पिस्ता रंगाची भिंत आणि बार्बाडोस

कतारमध्ये राहून हिवाळ्यापासून पळणारी बाई म्हणजे बहुधा मी एकटीच. इथे सगळे हिवाळ्याकडे डोळे लावून बसलेले असतात. सात-आठ महिने दाराबाहेर पाऊल टाकलं की जीव नकोसा होतो, आणि मग नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी वारा जरा गार लागतो नि अख्खं दोहा घराबाहेर पडतं. बागांमध्ये सतरंज्या, वाळवंटात तंबू, शुक्रवारी समुद्रावर कोळशाच्या शेगड्या. आणि सगळ्यांचे आईवडील येतात. साडीखाली मोजे आणि मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज घातलेल्या आया कॉर्निशवर, समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, फिरताना दिसायला लागल्या की मला धडकी भरते.

कारण मग माझ्या आईचा फोन येतो. "औंदा येव काय गो मी?"

आई वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. वडील गेल्यापासून एकटीच. तिच्या समजुतीप्रमाणे मी दोहात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याबरोबर राहते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते खरंही होतं. मग नवऱ्याला कॅनडात नोकरी लागली. तो पुढे गेला, मी मागाहून जायचं ठरलं, मग त्याने बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात भांडण नव्हतं, निदान शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं नव्हतं. एक दिवस वकिलाचे कागद आले. कागद तपासणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे मी ते दोनदा तपासले, सगळ्या सह्या जागच्या जागी आहेत ना बघितलं आणि माझी केली.

फ्लॅट सोडून मी अल गराफात एका व्हिलातली खोली घेतली. मोठ्या घराचे प्लायवूड लावून तुकडे केलेले, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं मिळून एक. माझ्या खोलीच्या तीन बाजू प्लायवूडच्या आणि एकच भिंत पक्की, पिस्ता रंगाची. आईशी व्हिडिओ कॉल असला की मी त्या भिंतीला पाठ लावून बसायची. जरा जरी फोन हलला असता तर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात ठेवलेली इस्त्री आणि एकुलती एक खाट दिसली असती. पण मी फोन हलू द्यायची नाही.

"जावई खंय?" आई विचारायची.

"ड्युटीर."

"ह्येची ड्युटी काय संपना नाय," ती म्हणायची. दर जूनमध्ये कुणी ना कुणी गावाहून परत येणारा शोधून त्याच्या हाती फणसाची साठं पाठवायची. फणसाचा रस काढायचा, ताटांवर पसरायचा, दिवसभर उन्हात राखत बसायचं, कावळे हाकलायचे, उलटवायचा, पुन्हा राखायचं. जावयाला आवडतात म्हणून. मला फणसाचा वासही सहन होत नाही. मी ती पुडकी कपाटाच्या तळाशी ठेवून द्यायची.

का सांगितलं नाही, ते मला अजून धड सांगता येत नाही. आधी वाटलं गणपती होऊ देत. मग तिचे गुडघे दुखायला लागले. मग खोटं बोलून इतके दिवस झाले की खरं सांगण्यापेक्षा इतके दिवस खोटं का बोललीस याचं उत्तर देणं जड होऊन बसलं. लाज वाटायची, हेही आहे. गावात माझ्या लग्नाचं कौतुक अजून सांगतात.

मागच्या डिसेंबरात आईने फोन केला आणि कॅमेऱ्यासमोर काहीतरी निळं धरलं, इतकं जवळ की नुसता निळा अंधार दिसला.

"पासपोर्ट इलो गो माझो!"

एकटी एसटीने जाऊन, रांगेत उभी राहून, बोटांचे ठसे देऊन तिने तो काढला होता. मला कळू दिलं नव्हतं. जानेवारीत येते म्हणाली. मी वा वा म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ चहाच्या रिकाम्या कपातून चहा पीत बसले.

माझं काम शिपिंग एजंटच्या ऑफिसात आहे, हमद पोर्टच्या बाजूला. कंटेनर उतरवून घेणाऱ्यांचे कागद मी बघते. माल काय, कुठून निघाला, कुठल्या बंदरात जहाज बदललं, कुठला शिक्का राहिला. दिवसातून दहा वेळा तरी मी एकच वाक्य टाइप करते, कागद अपुरे आहेत, माल हलणार नाही. लोक माझ्यावर चिडतात. मीही त्यांच्यावर चिडते.

त्या फोननंतरच्या गुरुवारी दुपारी एका फाइलमध्ये बंदराचं नाव दिसलं, ब्रिजटाउन, बार्बाडोस. कुठे आहे म्हणून सहज बघायला गेले. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट. आपल्या पासपोर्टला तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. हॉस्टेलात एक कॉट स्वस्तात मिळते. आणि तिकिटाचा भाव त्याच आठवड्यात का कोण जाणे एकदम पडलेला. हे सगळं एका कप कडकमध्ये घडलं. चहा संपायच्या आत मी तिकीट काढून बसले होते, जानेवारीतले पंधरा दिवस, एकटीचं, वाटेत लंडनला विमान बदलून. आयुष्यात मी कुठे एकटी फिरायला गेले नव्हते. मला पोहता येतं, पण समुद्राकाठी जन्मूनही मी पोहायचा पोशाख कधी घेतला नव्हता. तोही घेतला.

शेजारच्या टेबलावरचा इजिप्शियन म्हणाला, "यल्ला, गो! हिवाळ्यात सगळे गरम ठिकाणी पळतात." मी म्हटलं, अरे बाबा, आपण आधीच गरम ठिकाणी आहोत. त्याला ते पटलं नाही.

आईला सांगितलं, "आये, जानेवारीत माका ऑफिसच्या कामाक भायर जावचा आसा."

"खंय?"

"बार्बाडोस."

"ता खंय इला?"

"वेस्ट इंडीजमध्ये."

"क्रिकेटवाल्यांचा? मगे जा. कामाचा असात तर जावक होया. माझा काय, मी फेब्रुवारीत येयन."

फेब्रुवारीत रमजान लागणार, तेव्हा नको म्हणता येईल, त्याच्या मागून उन्हाळा. म्हणजे एक वर्ष निभावलं. मला हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याचाच राग आला.

खोली पंधरा दिवस रिकामी राहणार हे ऐकून शेजारच्या खोलीतली केरळची नर्स हळूच विचारायला आली. तिची आई येणार होती, व्हिजिट व्हिसावर, आणि तिच्या स्वतःच्या खोलीत आणखी एक नर्स राहत असल्यामुळे जागा नव्हती. "दीदी, अम्माची आप का बेड यूज करेगा तो चलेगा?" आईला ती अम्माची म्हणायची. मी म्हटलं, चलेगा. माझ्या आईला यायला नको म्हणून मी निघाले होते आणि माझ्या खाटेवर दुसरीचीच आई येऊन झोपणार होती. त्या वेळी मला यात काही विचित्र वाटलं नाही. मी पोहायच्या पोशाखाचं मापच बघत होते.

निघायच्या दिवशी पहाटे उठून एकच पाठपिशवी घेऊन विमानतळावर गेले. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उलटापालटा केला, पुन्हा पहिल्या पानावर आली.

"मॅडम, यूकेचा ट्रान्झिट व्हिसा?"

"मला यूकेत जायचंच नाही," मी म्हटलं. "फक्त विमान बदलायचंय."

"येस मॅडम, त्याचाच."

मी तिला समजावून सांगायला लागले. अगदी शांतपणे, जसं मी नव्या पोरांना समजावते. हे बघ, चीनहून इकडे येणारा कंटेनर वाटेत दुसऱ्या एखाद्या बंदरात उतरतो. एका जहाजातून काढतात, यार्डात ठेवतात, दुसऱ्या जहाजावर चढवतात. तो त्या देशात शिरत नाही. त्याला तिथली जकात लागत नाही, कुणी उघडूनही बघत नाही. मग मी दोन तास खुर्चीवर बसणार, मला कशाला कागद लागतील?

ती मुलगी फिलिपिनो असावी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बट मॅडम, यू आर अ पर्सन."

बारा वर्षं मी बॉक्सांचे कागद बघते. कुठल्या बंदरात कुठला शिक्का लागतो ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि स्वतःच्या बाबतीत मी बॉक्सचा नियम लावला होता. कागद अपुरे, माल हलणार नाही. तिने हे वाक्य म्हटलं नाही, पण मला ते माझ्याच आवाजात ऐकू आलं. मागच्या रांगेतले लोक खाकरायला लागले तशी मी बाजूला झाले. तिकीट बुडालं. पाठपिशवी काढून पायाशी ठेवली, पुन्हा चढवली, पुन्हा काढली. आता कुठे जायचं हे कळेना. ऑफिसात रजा टाकलेली, खाट दिलेली, आईच्या लेखी मी आकाशात.

शेवटी मेट्रो, मग बस, आणि दुपारी माझ्याच खोलीचं दार मी वाजवलं.

दार उघडलं ते पांढरा चट्टा-मुंडू, म्हणजे सैल पोलकं आणि लुंगीसारखं वस्त्र, नेसलेल्या, माझ्या आईच्याच वयाच्या बाईने. तिच्या पायात माझ्या सपाता होत्या. ती मला ओळखत नव्हती आणि तिला मल्याळमखेरीज काही येत नव्हतं. मी खाटेकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग हाताचं विमान करून ते खाली पाडलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, पिशवी काढून घेतली आणि स्वयंपाकघरातून वाटीभर गरम पेज आणून दिली. वर खोबरं, बाजूला लोणचं. आमच्याकडे आजारी माणसाला देतात तशी. मी आजारी नव्हते, तरी मुकाट्याने खाल्ली.

संध्याकाळी नर्स आली आणि कपाळाला हात लावून बसली. दीदी, अब? अम्माचीला मी उठवणार नव्हतेच. खाली गादी टाकली. अशी मी माझ्याच खोलीत पाहुणी झाले.

पुढचे चार दिवस मी कुठल्या देशात होते ते मला सांगता येणार नाही. बार्बाडोस कतारच्या सात तास मागे, आणि आई कतारच्या अडीच तास पुढे. आईचा फोन सकाळी साडेसातला वाजायचा, तेव्हा बार्बाडोसात मध्यरात्र उलटून गेलेली असायची. म्हणजे मी झोपलेली असणार. मी उजेडात गादीवर बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत राहायची. अम्माची मला खुणेने सांगायची, घे की. मी मान हलवायची आणि गालाखाली हात ठेवून दाखवायची की मी झोपले आहे. ती माझ्याकडे अशा नजरेने बघायची की नर्सने मला एकदा हळूच विचारलं, तबियत ठीक आहे ना.

दुसऱ्या दिवशी टॉवेल काढायला मी कपाट उघडलं आणि अम्माची खाटेवरून उठून आली. नाक वर करून हुंगत थेट कपाटाच्या तळाशी वाकली. "चक्का!" म्हणाली. फणस! वर्तमानपत्रात बांधलेली दोन वर्षांची पुडकी तिने बाहेर काढली, एका साठाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. माझी परवानगी वगैरे काही नाही. मला राग आला. मग कळेना की कशाचा. मी स्वतः ती कधी खाणार नव्हते, ज्याच्यासाठी होती तो बर्फात बसलेला. तरी ती संपू नयेत असं वाटत होतं. अम्माचीने दुसरा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. तिने तोही खाल्ला.

चौथ्या दिवशी आईचा मेसेज आला. समुद्र दाखव. थंयचो समुद्र कसो आसता ता बघूचा आसा.

नाही कसं म्हणणार? मी बस पकडून दोहाजवळच्या वक्राच्या किनाऱ्यावर गेले. दुपारचे तीन वाजलेले. तीन वजा सात करून मी बघितलं, तिथे सकाळचे आठ. चांगली वेळ. ओढणी डोक्याला गुंडाळली, काळा चष्मा लावला, इमारती मागे येणार नाहीत अशी जागा शोधली आणि फोन लावला.

"आये, हय आता सकाळचे आठ वाजलेत. ह्यो बघ समुद्र."

आईने चष्मा लावून बघितलं. जन्म समुद्राकाठी गेलेली बाई.

"ह्येका लाटा खंय आसत?"

"आज वारो नाय."

"वारो नाय तरी समुद्र असो झोपान ऱ्हवना नाय. ह्या तळ्यासारख्या दिसता." मग ती फोनच्या आणखी जवळ आली. "तो पांढरो झगो घातलेलो कोण?"

माझ्या मागून एक कतारी बाप मुलाला खांद्यावर घेऊन चालला होता. मी म्हटलं, "हय सगळ्या देशांतली माणसा येतत, आये."

"थंय पण असलेच झगे घालतत?"

"घालतत."

"बरा," आई म्हणाली. आणि मग, "तू बरी आसस मा?"

हो म्हटलं आणि नेटवर्क नाही असं सांगून फोन बंद केला. तिला कळलं की नाही, हे मला तेव्हा समजलं नाही. बसमध्ये मी पूर्ण वेळ तेच उलटसुलट करत होते. कळलं असेल तर ती काही बोलली का नाही, आणि कळलं नसेल तर तिने तसं का विचारलं.

खोलीत शिरले तर अम्माची माझ्या खाटेवर मांडी घालून बसलेली. केरळात घरी असलेल्या तिच्या नवऱ्याशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिने फोन हातभर लांब धरला होता आणि ती तो खोलीभर फिरवत होती. ही खाट. हे प्लायवूड, त्यावर बोटाने टकटक करून दाखवलं. ही दोरी, हे कपडे, हा एकच पंखा. ही खालची गादी. मग फोन माझ्यावर आला आणि तिने काहीतरी लांबलचक सांगितलं. पलीकडून एका म्हाताऱ्याने मला हात जोडले. तिला लाज वगैरे काही वाटत नव्हती. मुलगी परदेशात कशी राहते ते बघायला ती आली होती आणि जे होतं ते नवऱ्याला दाखवत होती. एवढंच होतं ते. मी दारात उभी राहून बघत राहिले.

तिचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले. मग गादीवर, सवयीने पिस्ता भिंतीला पाठ लावून बसले आणि आईला फोन केला. हिशेब केला नाही. कुठे किती वाजले ते बघितलंच नाही.

"आये, मी खंयच जावक नाय."

"माका वाटलाच. तो काय समुद्र?"

"तसा नाय. म्हणजे हयच आसंय. दोहाक." आणि मग एकदा सुरू झाल्यावर मागचं पुढे, पुढचं मागे करत मी सगळं सांगितलं. कॅनडा, वकिलाचे कागद, फ्लॅट, ट्रान्झिट व्हिसा, खोली. कंटेनरचंसुद्धा सांगितलं, ते कशाला सांगितलं देव जाणे. "ते हय नसत, आये. दोन वर्सां झाली."

आई रडेल असं मला वाटलं होतं. त्याला शिव्या घालेल, मला घालेल, निदान फोन तरी ठेवेल. या प्रत्येकाला द्यायची उत्तरं मी दोन वर्षं घोकलेली होती. मागे तिच्या अंगणातल्या कावळ्यांची कावकाव ऐकू येत होती.

"मगे दोन वर्सां माझी साठां कोणी खाल्ल्यान?"

हे मी घोकलं नव्हतं.

"कपाटात होती."

"तुका फणस खंय आवडता," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "माका सांगला असतंस तर आंब्याची घातली असती."

तेव्हा मला रडू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, तेही नर्सच्या आईसमोर. वकिलाच्या कागदांवर सही करताना आलं नव्हतं ते या आंब्याच्या साठांनी आलं. अम्माची खाटेवरून उतरून माझ्या शेजारी येऊन बसली आणि फोनमध्ये डोकावली. फोनमधली आई तिच्याकडे बघायला लागली.

"ही बाई कोण?"

"शेजारणीची आवस. साठां हिनाच खाल्ल्यान."

"आवाडली?"

मी अम्माचीकडे बघितलं. तिला प्रश्न कळला नव्हता, पण तिने दोन्ही हात जोडले आणि तोंडभर हसली. आईनेही हात जोडले.

"ही झोपता खंय?"

"माझ्या खाटीर."

"आणि तू?"

"खाली."

"म्हणजे मी इलंय तरी तू खालीच झोपतलंस," आई म्हणाली. तारीख वगैरे काही विचारलं नाही. मग म्हणाली, "रडू नको. खोली दाखव माका. सगळी."

मी फोन फिरवला. अम्माचीने दाखवलं होतं त्याच क्रमाने. खाट, प्लायवूड, दोरी, पंखा, इस्त्री, उघडं कपाट, कोपऱ्यातली पाठपिशवी आणि तिच्यावर पडलेला तो कोरा पोहायचा पोशाख. आई एकेका वस्तूवर "हां" म्हणत होती. पूर्ण फेरी मारून फोन शेवटी माझ्या पाठीमागच्या पिस्ता रंगावर आला.

"ही भिंत तेवढी मी ओळखतंय," आई म्हणाली.